यंत्राने काढलेले चित्र आणि बसालेलाचे हात



मागच्या अंकासोबत कॅलेंडरच्या नोंदणीचा फॉर्म पाठवला होता. त्याच्या उत्तरादाखल आलेल्या पत्रांत यंदा एक विषय पुन्हा पुन्हा आला. एका मंडळीतील वडीलधाऱ्या बंधूंनी तो सर्वांत स्पष्ट मांडला. "ताई, आता मोबाईलवर दोन मिनिटांत वारली चित्र तयार होते. मग बारा चित्रांसाठी बायकांना मेहनताना, कागद, रंग, जाण्यायेण्याचा खर्च कशाला? तेच पैसे वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणाला लावा." दुसऱ्या एका भगिनीने नेमके उलट कळवले. कृत्रिम बुद्धिमत्ता हे सैतानाचे काम आहे, संस्थेने तिला बोटही लावू नये. तिसरे पत्र एका तरुण संघाचे होते. नाताळची गाणी यंत्राकडून रचून घेतली तर चालेल का, असे त्यांनी विचारले होते.

तिघांनाही थोडक्यात उत्तरे पाठवली. पण हा प्रश्न तिघांपुरता राहिलेला नाही, म्हणून कार्यकारी समितीने मला इथे सविस्तर लिहायला सांगितले. मी संगणकतज्ज्ञ नाही. थिऑलॉजीची पदविका घेतली आणि तेव्हापासून पालघर जिल्ह्यातल्या पाड्यांवर काम करते. जे लिहिते ते या दोन गोष्टींच्या आधारावर, आणि यंत्र कसे चालते याविषयी जे नीट वाचून, विचारून घेतले त्याच्या आधारावर.

यंत्र करते काय

आधी भीती दूर करू. या यंत्रात आत्मा नाही, दुरात्माही नाही. चॅटजीपीटी नोव्हेंबर 2022 मध्ये लोकांसाठी खुले झाले, तेव्हापासून हे नाव घरोघरी गेले. अशा यंत्राला अफाट मजकूर दिलेला असतो, आणि एका शब्दानंतर कोणता शब्द येण्याचा संभव जास्त आहे याचा हिशोब ते त्यातून शिकते. आपण प्रश्न विचारला की त्या हिशोबाने एकेक तुकडा जोडत ते वाक्य उभे करते. त्याला सांगायचे असे काही नसते. शब्दांची सवय मात्र जबरदस्त असते.

चित्राचे यंत्र थोडे वेगळे. शिकवताना खऱ्या चित्रावर बारीक दाण्यांचा गोंधळ टाकत जातात, जुन्या टीव्हीवर मुंग्या दिसत तसा, इतका की मूळ चित्र पार बुजून जाते. मग हा गोंधळ पायरीपायरीने कसा काढायचा, हे यंत्र कोट्यवधी चित्रांवर शिकते. पुढे आपण "वारली नृत्य" असे शब्द दिले की ते निव्वळ मुंग्यांपासून सुरुवात करते आणि त्या शब्दांच्या रोखाने गोंधळ दूर करत जाते. शेवटी जे उरते ते आपले चित्र.

आता ही शिकवणी कशावर झाली? 2022 मध्ये लायन नावाचा एक संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात इंटरनेटवरच्या पाच अब्जांहून अधिक चित्रांचे दुवे आणि त्यांची वर्णने होती. स्टेबल डिफ्यूजन हे गाजलेले चित्रयंत्र अशा संग्रहातील भागांवर शिकले. ती चित्रे कोणाची, त्यांना विचारले होते का, मोबदला दिला होता का? विचारले नव्हते. यावरून परदेशांत चित्रकारांनी आणि छायाचित्र विकणाऱ्या कंपन्यांनी कोर्टात दावे लावले आहेत. इंटरनेटवर वारली चित्रेही भरपूर आहेत. तेव्हा यंत्राने दोन मिनिटांत दिलेले "वारली चित्र" दोन मिनिटांत झालेले नसते. पिढ्यांपासून झालेल्या कामाची ती कसर आहे, फक्त करणाऱ्यांची नावे पुसलेली.

वारली चित्रांविषयी दोन शब्द इथे सांगायला हवेत, कारण आपल्या पुष्कळ वर्गणीदारांना ती कॅलेंडर आणि कुर्त्यांवरूनच ठाऊक आहेत. मुळात हे बायकांचे काम. कारवीच्या काड्यांची कुडाची भिंत, त्यावर शेणमाती आणि गेरूचा हात, आणि बांबूची काडी चावून केलेल्या कुंचल्याने तांदळाच्या पिठाचा पांढरा रंग. लग्नघरात सवाशिणी चौक लिहितात. "लिहितात" असेच म्हणायचे, "काढतात" म्हणायचे नाही. 1970 च्या दशकात भास्कर कुलकर्णी या चित्रकाराने या भागात कागद आणि रंग आणले, आणि डहाणू तालुक्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी हे चित्र भिंतीवरून कागदावर आणि कागदावरून जगभर नेले. त्यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली, 2018 मध्ये ते वारले. वारली चित्रकलेला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकन नावाला संरक्षण देते. कोणी घरी बसून त्या शैलीचे चित्र यंत्राकडून करून घेतले तर ते तिथे काय करणार?

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, कागद हेही तेव्हा बाहेरून आलेले नवे साधनच होते. बरोबर. म्हणूनच साधन नवे आहे एवढ्यावर मी अडत नाही. ख्रिस्ती मिशनचा इतिहास तर नव्या साधनांचाच आहे. विल्यम केरी यांनी श्रीरामपूरला मराठी नवा करार 1811 मध्ये छापला. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीक भाषांतून बायबल सोप्या मराठीत आणले. ते 1924 मध्ये, त्यांच्या निधनानंतर दोन वर्षांनी प्रसिद्ध झाले, आणि त्याचे खिळे जुळवण्यापासून छपाईपर्यंतचे काम केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या स्त्रियांनी केले. ज्यांना समाजाने टाकले होते त्या बायकांच्या हातांत छापखाना आला. त्या यंत्राने हात रिकामे केले नाहीत, भरले. नव्या साधनाकडे पाहताना मी आधी एवढेच विचारते की ते कोणाच्या हातात येणार आणि कोणाच्या हातातून जाणार.

पाड्यावरची परीक्षा

नुसते तत्त्व सांगण्यापेक्षा करून पाहावे, म्हणून आम्ही पावसाळ्यात कार्यालयात एक प्रयोग केला. आमच्या कॅलेंडरसाठी चित्रे करणाऱ्या सात बायका आवणी आटोपून आल्या होत्या. त्यांच्यासमोर आमच्या लिपिक मुलाने यंत्राला "वारली पाड्यावरचा तारपा नाच" काढायला सांगितले. चित्र आले. लांबून छान. विटकरी जमीन, पांढऱ्या आकृती, त्रिकोणांची अंगे, सगळे जागच्या जागी. बायका दोन क्षण पाहत राहिल्या आणि मग हसू लागल्या.

तारपा पुंगीसारखा झाला होता, गारुड्याच्या. नाचणारे गोल करून उभे होते, पण निम्म्यांची तोंडे बाहेर. तारपेवाल्याकडे पाठ करून कोणी नाचत नाही. वाजवणारा मध्ये आणि नाच त्याच्याभोवती नागमोडी वळत जातो, हे लहान पोरही सांगेल. एका घराला धुराडे होते. झाडावर काढलेले पक्षी कोणते, हे कोणालाच ओळखता येईना. सर्वांत वयस्क बाईने विचारले, "हा पाडा कोणचा?" लिपिक म्हणाला, कोणचाच नाही. "मग काढला कशाला?" ती म्हणाली आणि चहा प्यायला गेली.

प्रामाणिकपणे सांगते, हा मुद्दा मी फार ताणणार नाही. यंत्र सुधारते आहे. पुढच्या वर्षी तारपा बरोबर येईल, तोंडेही आत वळतील. चुकांच्या भरवशावर आपली भूमिका उभी केली तर चुका संपल्या की भूमिकाही संपेल. पण त्या बाईचा प्रश्न मात्र यंत्र सुधारले तरी तसाच राहतो. आमच्या बायकांच्या प्रत्येक चित्रातला पाडा कोणता तरी असतो. मागच्या वर्षीच्या जुलैच्या पानावर आवणीत वाकलेल्या बायकांच्या रांगेत एकीच्या पाठीला झोळी होती. ती झोळी काढणारीचे मूल आज आपल्या बालवाडीत येते.

एक खुलासा करून ठेवते, कारण दर दोन वर्षांनी एखादे पत्र येतेच. या सातही बायका ख्रिस्ती नाहीत. तिघी आपल्या मंडळीच्या आहेत, चौघी नाहीत. ज्या आहेत त्या येशूजन्म, उधळ्या पुत्र, हरवलेले मेंढरू अशी चित्रे करतात. बाकीच्या शेती, मासेमारी, नाच, बाजार काढतात. त्यांच्या लग्नचौकातल्या पालघट देवीचे चित्र आम्ही कॅलेंडरवर मागत नाही आणि ते काढू नका असेही कोणाला सांगत नाही. ते त्यांच्या लग्नघराचे आहे.

आता त्या वडीलधाऱ्या बंधूंच्या पैशांच्या प्रश्नाकडे वळते. तो रास्त प्रश्न आहे आणि दानाच्या पैशांबद्दल तो विचारलाच पाहिजे.

दिवाळी झाली की आमचे पाडे ओस पडू लागतात. भात निघालेले असते, हाताला काम नसते. माणसे भिवंडी, वसई, कल्याणच्या बाजूला वीटभट्टीवर जातात. बहुतेकांनी भट्टीमालकाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. ती फिटेपर्यंत उन्हाळा सरतो. मुले आईबापांबरोबर जातात आणि शाळा तिथेच तुटते. कॅलेंडरची चित्रे आम्ही पोळ्यापासून नवरात्रापर्यंत करून घेतो आणि त्यांचे पैसे दिवाळीआधी हातात देतो. हे वेळापत्रक मुद्दाम तसे ठेवले आहे. त्या पैशांवर वर्ष निघत नाही, पण उचल घ्यावी लागत नाही. या सातांपैकी तिघींची घरे गेल्या दोन हंगामांत भट्टीवर गेलेली नाहीत. म्हणजे कॅलेंडरच्या खर्चातून आपण जे वाचवू ते याच घरांचे वाचवू, आणि मग त्याच घरांची मुले वसतिगृहात आणून त्यांच्या जेवणाला तेच पैसे लावू. आईच्या हातचे जेवण काढून घेऊन पंगतीचे वाढायचे, याला मी काटकसर म्हणणार नाही.

अनुवादाच्या चोविसाव्या अध्यायात गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितले आहे, कारण त्याचे मन तिच्यावर लागलेले असते. याकोब आपल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात अडवून ठेवलेल्या मजुरीचा आक्रोश देवाच्या कानी जातो असे बजावतो. मजुरी अडवण्याचे जुने मार्ग आपल्या भागाला पाठ आहेत. मजुरी द्यायची गरजच उरणार नाही अशी सोय करणे हा त्यातला नवा मार्ग आहे, आणि तो अतिशय सभ्य दिसतो.

बसालेल, अरवना आणि लक्ष्मीबाई

पवित्र शास्त्रात कलाकुसरीबद्दल सर्वांत ठळक बोलणारा भाग निर्गम 31 आणि 35 हा आहे. निवासमंडपाचे काम करण्यासाठी देव बसालेल नावाच्या माणसाला नाव घेऊन बोलावतो आणि आपल्या आत्म्याने परिपूर्ण करतो. कशासाठी? सोने, रुपे, पितळ घडवणे, रत्नांना पैलू पाडणे, लाकूड कोरणे यांसाठी. भाकीत करण्यासाठी नव्हे, लढाईसाठी नव्हे. शिकत असताना हा भाग आम्ही मंडपाच्या मोजमापांच्या घाईत ओलांडला होता. पाड्यावर आल्यावर तो पुन्हा वाचला तेव्हा 35 व्या अध्यायातले एक वाक्य जास्त लागले. देवाने बसालेल आणि अहलियाब यांना दुसऱ्यांना शिकवण्याचीही बुद्धी दिली. कला देवाकडून येते ती एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यासाठी. आमच्या बायका काम करत असतात तेव्हा बाजूला पोरी बसलेल्या असतात, उरलेल्या रंगाने जमिनीवर गिरवत. यंत्राच्या बाजूला कोणी अशी पोर बसत नाही.

याचा अर्थ यंत्राने काही बनवणे म्हणजे पाप, असा मी काढत नाही. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायाप्रमाणे मनुष्य देवाच्या प्रतिरूपाचा आहे आणि यंत्रे बनवणे ही त्याच बुद्धीची करामत आहे. रोमच्या मंडळीने जानेवारी 2025 मध्ये "अँटिक्वा एट नोव्हा" नावाचे एक निवेदन प्रसिद्ध केले. त्याचाही सूर असाच आहे. ही बुद्धी माणसाच्या बुद्धीची बरोबरी करणारी नव्हे, तिचेच एक उत्पादन आहे, आणि ते ईश्वराच्या जागी बसवले तर मूर्तिपूजा होते. आपण प्रॉटेस्टंट असलो तरी यात न पटण्यासारखे काय आहे? यशया 44 मधला लाकूडतोड्या आठवा. एकाच ओंडक्याच्या अर्ध्या भागावर तो भाकरी भाजतो आणि उरलेल्या अर्ध्याला नमस्कार करतो. भाकरी भाजण्याला यशयाची हरकत नाही.

मग उपासनेचे काय? जून 2023 मध्ये जर्मनीतल्या फ्युर्थ शहरात सेंट पॉल चर्चमध्ये एक उपासना झाली. तिचा बहुतेक मजकूर चॅटजीपीटीने रचला होता आणि पडद्यावरच्या कृत्रिम आकृत्यांनी तो सांगितला, उपदेश आणि प्रार्थनेसह. सुमारे चाळीस मिनिटे. तीनशेहून अधिक लोक हजर होते. तो एका ईश्वरविज्ञान अभ्यासकाचा प्रयोग होता आणि त्याने तो प्रयोग म्हणूनच केला. तरी मला प्रश्न पडतो तो पडद्यावरच्या प्रार्थनेचा. प्रार्थना करणारा कोण होता? उपदेशात चुका होऊ शकतात, त्या सुधारता येतात. पण ज्याला तहान लागत नाही, ज्याचे कोणी मरत नाही, ज्याला क्षमेची गरज नाही, त्याने "हे प्रभू" म्हणणे म्हणजे काय?

तरुण संघाच्या पत्राचे उत्तर मी इथेच देते. आपण मराठी ख्रिस्ती लोक गाण्यांच्या बाबतीत श्रीमंत आहोत. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि सुमारे अकरा हजार ओव्यांचे ख्रिस्तपुराण रचले. ते 1616 मध्ये रायतूरला छापले गेले. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर आपल्याला भजने दिली, ती आजही दर रविवारी आपल्या तोंडी आहेत. त्यांनी ख्रिस्तायन हे महाकाव्य हाती घेतले होते. 1919 मध्ये ते वारले तेव्हा ते अपुरे होते. ते पूर्ण केले लक्ष्मीबाईंनी, आणि त्यातला मोठा भाग त्यांचाच आहे. ज्या बाईला लग्नानंतर नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, तिने.

आज ख्रिस्तायनाचे पहिले अध्याय यंत्रात घालून "पुढचे लिही" म्हटले तर दुपारच्या जेवणाआधी ग्रंथ पुरा होईल. ओव्या मोजून बरोबर येतील, कदाचित. मग गेले काय? गेली ती वर्षे. विधवा बाई शुभवर्तमानाच्या एकेका प्रसंगापाशी बसते, तो पुन्हा वाचते, शब्द शोधते, खोडते, त्या वर्षांत तिचे आणि प्रभूचे जे झाले असेल ते. ग्रंथ आपल्याला मिळाला, पण ती वर्षे तिला मिळाली. तरुणांनो, तुमच्या गाण्याची चाल एखाद्या भजनासारखी येईल, यमक लंगडेल, संघातले दोघे एका कडव्यावरून भांडतील. त्या भांडणात तुम्ही लूकचा दुसरा अध्याय जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा एरवी उघडला नसता. 2 शमुवेलाच्या शेवटच्या अध्यायात अरवना यबूसी राजा दाविदाला खळे, बैल, लाकडे सगळे फुकट देऊ करतो. दावीद नाही म्हणतो. ज्याला आपले काही पडले नाही ते देवाला अर्पण करायचे नाही, म्हणून तो मोल देऊन घेतो. यंत्र हा फार उदार अरवना आहे.

हो, पण सगळ्यांनाच शब्द सापडत नाहीत, हेही मला रोज दिसते. आमच्या एका तरुण सेवकाला बोलता उत्तम येते, लिहायला हात चालत नाही. मागच्या अंकासाठी त्याने आपली साक्ष फोनमध्ये बोलून दिली, वारलीमिश्रित मराठीत. कार्यालयातल्या मुलाने ती यंत्राकडून "शुद्ध" करून आणली. वाचायला गुळगुळीत होती. शेवटी उगवता सूर्य होता आणि कुठेतरी मध्ये डोळ्यांत अश्रूही आले होते. सेवकाला वाचून दाखवली, तर तो म्हणाला, सूर्य मी बोललो नव्हतो.

मूळ ध्वनिफीत पुन्हा ऐकली. तो म्हणाला होता, "माझा आजा लग्नगडी होता." यंत्राच्या साक्षीत हे वाक्य "माझ्या आजोबांचे आयुष्य गरिबीत गेले" असे झाले होते. लग्नगडी म्हणजे काय हे गोदावरी परुळेकरांचे "जेव्हा माणूस जागा होतो" वाचलेल्यांना सांगायला नको. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायकोने त्याच्याकडे गुलामासारखे राबायचे. 1945 चा वारल्यांचा उठाव याच वेठीविरुद्ध होता. तो सेवक ख्रिस्ताने मला मोकळे केले असे म्हणतो तेव्हा त्याच्या घरात मोकळे होणे या शब्दाला असा अर्थ आहे. यंत्राने तो शब्द काही वाईट हेतूने काढला नाही. हिशोबात तो क्वचित येणारा शब्द, गरिबी नेहमीचा. नेहमीचे पुढे आणि क्वचितचे मागे, हा त्याचा स्वभावच आहे. आणि आपले सगळे काम ज्यांच्यात आहे ते लोक त्या हिशोबात क्वचितच येतात.

म्हणून साक्षींबाबत आम्ही आता असे करतो. बोललेले यंत्राने कागदावर उतरवून द्यावे, शुद्धलेखन पाहावे, इतपत ठीक. शब्द माणसाचाच राहील, आणि छापण्याआधी त्याला वाचून दाखवू. परदेशातील देणगीदारांसाठी वार्षिक अहवालाचा इंग्रजी कच्चा मसुदाही आम्ही यंत्राकडून घेतो आणि मग माणूस तपासतो. त्यात वेळ वाचतो, तो पाड्यावर जातो. याबद्दल मनात काही किंतु नाही.

किंतु आहे तो फोटोंबद्दल. एका हितचिंतकाने दयाळूपणाने आमच्या मदतीच्या आवाहनासाठी एक पत्रक तयार करून पाठवले. वर एक आदिवासी मुलगी, फाटका फ्रॉक, डोळे पाण्याने भरलेले, मागे झोपडी. पाहताच गलबलून यावे असे. ती मुलगी जगात कुठेही नाही. त्यांचे म्हणणे, खऱ्या मुलांचे चेहरे छापणे बरे नाही, यात कोणाचीच लाज जात नाही. हा युक्तिवाद मी हसण्यावारी नेत नाही. दुःखी मुलांचे चेहरे दाखवून पैसे मागण्याची सवय सगळ्या सेवाभावी संस्थांना आहे आणि ती चांगली नाही. पण नसलेल्या मुलीच्या अश्रूंवर दान घेणे ही नववी आज्ञा मोडणे आहे, खोटी साक्षच ती. शिवाय मार्च 2023 मध्ये पोप फ्रान्सिस यांचा पांढऱ्या फुगीर जॅकेटमधला यंत्रनिर्मित फोटो जगभर खरा समजला गेला, तेव्हापासून लोक प्रत्येक फोटोकडे संशयाने पाहू लागले आहेत. उद्या कुपोषणाने सुकलेल्या खऱ्या बाळाचा फोटो दाखवायची वेळ आली आणि पाहणारा म्हणाला, "हे एआयचे असेल," तर त्या बाळाला आपण काय उत्तर देऊ? आमच्या पत्रकांत माणसांचे कृत्रिम फोटो येणार नाहीत. चेहरा लपवायचा असेल तिथे पाठमोरा फोटो किंवा बायकांनी केलेले चित्र येईल.

एक गोष्ट मात्र अजून ठरलेली नाही. भाषेसाठी हे यंत्र उपयोगी पडू शकते. सरकारच्या आदिवासी कार्य मंत्रालयाने 2025 मध्ये आदि वाणी नावाचे भाषांतराचे साधन सुरू केले. त्यात संथाली, मुंडारी, गोंडी आणि भिली आहे. वारली त्यात नव्हती. आता काही तरुण स्वयंसेवकांनी आम्हाला विचारले आहे की, संस्थेकडे असलेली वारली गाणी आणि गोष्टी यांची रेकॉर्डिंग त्यांना द्यावीत, म्हणजे यंत्राला वारली शिकवता येईल. दवाखान्यात डॉक्टरचे बोलणे म्हातारीला तिच्या भाषेत कळले तर कोणाला नको आहे? पण त्या रेकॉर्डिंगमध्ये लग्नात गाणाऱ्या धवलेरींचे आवाज आहेत, आणि त्यांनी ते आम्हाला दिले तेव्हा यंत्राचे नाव कोणी काढले नव्हते.

त्यांच्यातल्या सर्वांत जुन्या धवलेरीच्या घरी मी गेल्या महिन्यात जाऊन आले. सगळे समजावून सांगितले, जमेल तितके. तिने तीन गोष्टी विचारल्या. आवाज कुठे कुठे जाईल? यंत्र गायला लागल्यावर लग्नाला मला बोलावतील का? आणि पैसे मिळाले तर ते माझ्या मरणानंतर नातीला मिळतील का? तिन्ही प्रश्न लिहून आणले आहेत. स्वयंसेवकांना ते तसेच पाठवले असून त्यांचे उत्तर नाताळानंतरच्या बैठकीपूर्वी मागितले आहे. त्या बैठकीला धवलेरी स्वतः येणार आहे. पावसाने गेलेला रस्ता तोवर दुरुस्त झाला नाही तर बैठक तिच्या पाड्यावर होईल.